विश्लेषण : पुराबरोबर मगर अंगणात का येते? क्वीन्सलँडचा पावसाळा आणि तिथे राहणाऱ्यांसमोरचे प्रश्न

ऑस्ट्रेलियात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर जानेवारी-फेब्रुवारीत एखादा व्हिडिओ हमखास येतो. गढूळ पाण्याने भरलेला रस्ता, अर्धी बुडालेली गाडी आणि पाण्यातून संथपणे सरकणारी मगर. ‘तुमच्याकडे असं आहे का?’ असा प्रश्न लगेच विचारला जातो. उत्तर मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे सोपे नसते. टाउन्सव्हिलमध्ये राहणाऱ्याचे उत्तर वेगळे, ब्रिस्बेनमध्ये राहणाऱ्याचे वेगळे. क्वीन्सलँड राज्याने २०२५च्या पहिल्या तीन महिन्यांत तीन वेगवेगळे पूर पाहिले. प्रत्येक पुराने वेगळे प्राणी माणसांसमोर आणले आणि प्रत्येक वेळी खरा धोका व्हिडिओत दिसत होता त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी होता. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला पावसाळा. त्याआधी हे गणित समजून घेणे तिथे राहणाऱ्यांच्या आणि त्यांच्या इथल्या नातेवाईकांच्याही उपयोगाचे आहे.

तीन महिन्यांत तीन पूर कसे?

क्वीन्सलँड हे आकाराने महाराष्ट्राच्या साडेपाचपट राज्य आहे. टाउन्सव्हिल ते ब्रिस्बेन हे अंतरच रस्त्याने सुमारे साडेतेराशे किलोमीटर भरते. त्यामुळे ‘क्वीन्सलँडमध्ये पूर’ ही बातमी ‘भारतात पूर’ या बातमीइतकीच मोघम ठरते.

पहिला पूर फेब्रुवारी २०२५च्या सुरुवातीला उत्तरेत आला. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा किनाऱ्याजवळ रेंगाळला आणि टाउन्सव्हिल, इंगम, कार्डवेल या पट्ट्यात काही ठिकाणी अवघ्या काही दिवसांत एक मीटरहून अधिक पाऊस झाला. मुंबईत वर्षभरात सरासरी सव्वादोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो. टाउन्सव्हिलमधील सहा उपनगरांतील रहिवाशांना घरे सोडण्यास सांगण्यात आले. किनाऱ्यालगतच्या ब्रूस महामार्गावरील एक पूल खचला आणि उत्तरेकडचा पुरवठा तुटला.

दुसरा पूर मार्चमध्ये दक्षिण-पूर्वेला आला. ‘आल्फ्रेड’ हे चक्रीवादळ ब्रिस्बेनच्या दिशेने सरकत आले. किनारा ओलांडेपर्यंत त्याचा जोर ओसरला होता, पण पाठोपाठ आलेल्या पावसाने ब्रिस्बेनमध्ये गेल्या ५० वर्षांतील सर्वाधिक एकदिवसीय पावसाची नोंद झाली. लाखो घरांची वीज गेली.

तिसरा पूर मार्चच्या अखेरीस पश्चिमेच्या कोरड्या, विरळ वस्तीच्या भागात आला. तिथे एरवी दुष्काळाचीच चर्चा असते. थॉमसन, बार्कू आणि कूपर क्रीक या नद्यांनी काठच्या अनेक गावांत १९७४च्या पुराचे विक्रम मोडले. एक लाखाहून अधिक जनावरे मेली किंवा बेपत्ता झाली. शेकडो किलोमीटरची कुंपणे वाहून गेली.

मगरी शहरात ‘शिरतात’ का?

उत्तर क्वीन्सलँडमधील मगर ही खाऱ्या पाण्यातील मगर आहे. आपल्याकडे ती भितरकणिका, सुंदरबन आणि अंदमानात आढळते. कृष्णा किंवा वाशिष्ठी नदीत दिसणारी मगर वेगळ्या जातीची आणि आकाराने लहान. नावात खारे पाणी असले तरी ही मगर नद्या, खाड्या आणि गोड्या पाण्याच्या पाणथळ जागांमध्येही राहते. बेसुमार शिकारीमुळे तिची संख्या घटली होती. १९७४ मध्ये क्वीन्सलँडने तिला संरक्षण दिले आणि आज राज्यात अशा २० ते ३० हजार मगरी असाव्यात, असा सरकारी अंदाज आहे.

पुरात मगर शिकारीसाठी शहरात घुसते, हा समज चुकीचा आहे. मुख्य प्रवाहाला वेग आला की तिलाही त्यात टिकून राहणे अवघड जाते. ती संथ पाणी शोधते. हे संथ पाणी असते ओढ्यांत, शेतात, नाल्यांत आणि पूररेषेत बांधलेल्या वस्त्यांच्या रस्त्यांवर. नदीतील चांगल्या जागा मोठ्या नरांनी बळकावलेल्या असतात. त्यांनी हुसकावलेल्या लहान मगरींना पूर नवे मार्ग उघडून देतो. २०१९च्या फेब्रुवारीत रॉस नदीवरील धरणाचे दरवाजे पूर्ण उघडावे लागले, तेव्हा टाउन्सव्हिलच्या मंडिंगबरा उपनगरात घरासमोरच मगर दिसली होती. डिसेंबर २०२३ मध्ये ‘जॅस्पर’ चक्रीवादळानंतर इंगम गावात एक मगर पकडण्यात आली.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर पूर हा मगरीसाठीही तोट्याचाच असतो. तिचा विणीचा हंगाम नेमका पावसाळ्यात येतो. नदीकाठी पालापाचोळ्याच्या ढिगात घातलेली अंडी पाण्याखाली गेली की गुदमरतात. अंडी नष्ट होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

पकडून दूर सोडता येत नाही का?

हा उपाय करून पाहिला गेला आहे. क्वीन्सलँडमधील संशोधकांनी केप यॉर्क द्वीपकल्पात काही मगरींवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून त्यांना दूर सोडले. त्यातील एका मोठ्या नराला हेलिकॉप्टरने द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर नेण्यात आले. तो काही काळ तिथे थांबला आणि मग द्वीपकल्पाला वळसा घालून, चारशेहून अधिक किलोमीटर पोहून सुमारे २० दिवसांत पुन्हा आपल्या नदीत आला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाच्या लेखकांत मगरींसाठी जगभर ओळखले गेलेले स्टीव्ह आयर्विन हेही होते.

म्हणूनच धोकादायक ठरवून पकडलेली मगर आता दुसऱ्या नदीत सोडली जात नाही. तिची रवानगी परवानाधारक मगरपालन केंद्रात किंवा प्राणिसंग्रहालयात होते. ही पाठवणी कायमची असते. त्यामुळे मगर दिसल्याचे कळवणे आवश्यक असले, तरी तिला खायला घालणे, दगड मारणे किंवा फोटोसाठी जवळ बोलावणे म्हणजे तिच्या या गच्छंतीची तयारी करणे होय. मगरींना खायला घालणे हा तिथे दंडनीय गुन्हा आहे.

ब्रिस्बेनमध्ये मगर नाही, मग शार्क कसा?

मगरींचा प्रदेश ग्लॅडस्टनजवळच्या बॉइन नदीपासून उत्तरेकडे मानला जातो. ब्रिस्बेन त्याच्या बरेच दक्षिणेला आहे. त्यामुळे ब्रिस्बेनच्या पुरातील मगरीचा व्हिडिओ आला तर शंका घ्यायला जागा आहे. मात्र ब्रिस्बेन नदीत ‘बुल शार्क’ आहेत. हा मासा गोड्या पाण्यातही जगतो. त्याची पिल्ले नदीत वाढतात. जानेवारी २०११ मध्ये ब्रिस्बेन नदीने ४.४६ मीटरची पातळी गाठली, तेव्हा शहराबाहेरील गुडना या उपनगराच्या मुख्य रस्त्यावरील पाण्यात दोन बुल शार्क पाहिल्याचे स्थानिकांनी सांगितले होते.

याहून विलक्षण गोष्ट ब्रिस्बेनच्या दक्षिणेला कारब्रूक गोल्फ क्लबच्या तळ्याची आहे. १९९०च्या दशकातील पुरांत शेजारच्या नदीचे पाणी मैदानात शिरले आणि ओसरताना काही बुल शार्क तळ्यातच अडकून राहिले. ते एक-दोन महिने नव्हे, तर तब्बल १७ वर्षे तिथे जगले. २०१३च्या पुरानंतर ते दिसेनासे झाले. हे तळे म्हणजे बुल शार्क गोड्या पाण्यात किती काळ राहू शकतो, याची आपसूक झालेली प्रयोगशाळाच ठरली.

साप, बेडूक आणि कोळ्यांचे काय?

पुरात सर्वाधिक दिसतात ते साप. बिळे पाण्याने भरली की ते उंच जागा गाठतात. ही उंच जागा बहुतेक वेळा घराचा जिना, गॅरेज किंवा गाडीचे इंजिन असते. क्वीन्सलँडमधील पारंपरिक घरे खांबांवर उभी असतात. खालून वारा खेळावा आणि पाणी निघून जावे, यासाठी ती रचना. पण त्याच खांबांच्या आडोशाला पुरानंतर साप सापडतात. ऑस्ट्रेलियात वर्षाला सुमारे तीन हजार सर्पदंश होतात आणि मृत्यू मात्र सरासरी दोन. सर्पदंशावरील औषध आणि दाबपट्टी बांधण्याची पद्धत घराघरांत माहीत असणे, ही त्यामागची कारणे.

बेडकांची गोष्ट वेगळी. २०१८च्या अखेरीस पश्चिम ऑस्ट्रेलियातील कुनुनुरा इथे मुसळधार पावसात साडेतीन मीटर लांबीच्या अजगराच्या पाठीवर दहा ‘केन टोड’ बसलेले दिसले. ‘संकटात सारे वैर विसरले’ अशा ओळींसह तो फोटो जगभर फिरला. शास्त्रज्ञांनी दिलेले स्पष्टीकरण कमी काव्यात्म होते. पावसाने उत्तेजित झालेले नर बेडूक हलणाऱ्या कोणत्याही वस्तूला मादी समजून मिठी मारतात. अजगराची पाठ हीदेखील त्यांना तशीच वाटली असावी.

कोळीही असेच. २०२१ मध्ये न्यू साउथ वेल्स आणि नंतर व्हिक्टोरिया राज्यात पुरानंतर कुंपणे आणि झुडपे चंदेरी जाळ्याच्या चादरीने झाकली गेली. जमिनीवर राहणारे असंख्य कोळी पाण्यापासून वाचण्यासाठी एकाच वेळी धागे सोडत वर चढतात, त्यातून ही चादर तयार होते. ती माणसाला घातक नसते. काही दिवसांत ती विरून जाते.

मुंग्यांचा तराफा धोकादायक का?

मगरीचा फोटो सगळे काढतात. पण पुराच्या पाण्यात तरंगणाऱ्या तांबूस तवंगाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. दक्षिण-पूर्व क्वीन्सलँडसाठी अधिक गंभीर गोष्ट हीच आहे. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील लाल आगमुंग्या २००१ मध्ये ब्रिस्बेनमध्ये आढळल्या. वारूळ बुडाले की या मुंग्या एकमेकींना धरून जिवंत तराफा बनवतात. राणी आणि अळ्या मधे सुरक्षित असतात. तराफा जिथे काठाला लागेल तिथे नवे वारूळ तयार होते. २०२५च्या मार्चमधील पावसानंतरही असे तराफे दिसले. अमेरिकेत २०१७च्या ‘हार्वे’ चक्रीवादळात ह्यूस्टनमध्ये हेच घडले होते.

या मुंग्यांचा डंख आगीसारखा भाजतो आणि काहींना त्याची जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. शेती, जनावरे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांनाही त्या हानी करतात. सरकार दोन दशकांहून अधिक काळ त्यांच्या निर्मूलनावर खर्च करत आहे आणि एक पूर त्या मेहनतीचा मोठा भाग वाहून नेऊ शकतो. म्हणूनच असा तराफा दिसल्यास १३२२६८ या क्रमांकावर कळवण्याचे आवाहन केले जाते. मगर स्वतःच्या नदीत परतते. मुंग्या मात्र नव्या जागी कायमच्या राहतात.

मग सर्वाधिक धोका कशाचा?

मोटारीचा. ऑस्ट्रेलियातील पूरबळींपैकी जवळपास निम्मे जण गाडी पाण्यात घातल्यामुळे मरण पावलेले असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पश्चिम क्वीन्सलँडमधील माउंट आयझाच्या परिसरात पुराच्या पाण्यात सापडलेल्या गाडीत एका भारतीय महिलेचा मृत्यू झाला. मगरी, साप आणि शार्क यांच्यापेक्षा ही दुर्घटना परदेशी नागरिकासाठी कितीतरी अधिक संभवते.

त्यामागचे भौतिकशास्त्र साधे आहे. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जलसंशोधन प्रयोगशाळेने खऱ्या गाड्या पाण्यात उभ्या करून चाचण्या घेतल्या. सुमारे एक टन वजनाची छोटी मोटार अवघ्या १५ सेंटीमीटर खोल, चालण्याच्या वेगाने वाहणाऱ्या पाण्यात सरकू लागली आणि ६० सेंटीमीटर पाण्यात तरंगली. अडीच टनांची फोर-व्हील ड्राइव्हही ४५ सेंटीमीटर वाहत्या पाण्यात अस्थिर झाली आणि ९५ सेंटीमीटरवर तरंगली. म्हणजे पाणी घोट्याच्या थोडे वर असतानाच छोटी गाडी चालकाच्या हातातून जाते. त्यातच ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात नदी ओलांडण्यासाठी अनेक ठिकाणी कठडे नसलेले बुटके बांध असतात. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही. ‘पाणी आले असेल तर विसरा’ या अर्थाची तिथली सरकारी मोहीम या चाचण्यांच्या निष्कर्षांशी सुसंगत आहे.

भारतातून गेलेल्यांची सवय इथे आड येते. मुंबई-पुण्यात गुडघाभर पाण्यातून दुचाकी काढणे हा पावसाळ्याचा भाग मानला जातो. ते पाणी बहुतेक वेळा साचलेले असते. तिकडच्या ओढ्यावरचे पाणी वाहते असते. सवयीने केलेला अंदाज तिथेच चुकतो.

पूर ओसरल्यावर धोका संपतो का?

नाही. उत्तर क्वीन्सलँडमध्ये दुसरा धोका तेव्हाच सुरू होतो. तो आहे मेलिऑयडोसिस हा आजार. त्याचे जिवाणू एरवी मातीत खोल असतात. जोराच्या पावसानंतर ते पृष्ठभागावर आणि चिखलात येतात. त्वचेवरील जखमेतून किंवा श्वासावाटे ते शरीरात शिरतात. २०२५ मध्ये उत्तर क्वीन्सलँडमध्ये या आजाराचा असाधारण उद्रेक झाला. दोनशेहून अधिक रुग्ण आणि तीसहून अधिक मृत्यू नोंदवले गेले. पुरात थेट बुडून गेलेल्यांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे.

मुंबईकरांना पुरानंतरच्या ‘लेप्टो’ची ओळख आहे. जखम उघडी ठेवून पाण्यात उतरू नका, हा इशारा दोन्हीकडे सारखाच. फरक असा, की मेलिऑयडोसिसचा धोका मधुमेह असलेल्यांना विशेष असतो. भारतीयांमधील मधुमेहाचे प्रमाण पाहता ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. मुलाकडे चार महिने राहायला गेलेले आईवडील अंगणातला चिखल काढायला उत्साहाने पुढे होतात. त्यांनी बूट, हातमोजे आणि पाण्याच्या फवाऱ्याने सफाई होत असेल तर मास्क वापरणे आवश्यक आहे. पुरानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, खोकला किंवा श्वास घेण्यास त्रास झाल्यास डॉक्टरांना चिखलाशी आलेल्या संपर्काची माहिती द्यावी. वेळेत प्रतिजैविके मिळाली तर उपचार शक्य असतात.

परदेशी नागरिकांना मदत मिळते का?

इथे पूर कुणासाठी किती मोठा, हे पासपोर्ट आणि भाडेकरारावर ठरते. मोठ्या आपत्तीत ऑस्ट्रेलियाचे केंद्र सरकार प्रौढ व्यक्तीला एक हजार आणि मुलाला ४०० डॉलरची एकरकमी मदत देते. ती प्रामुख्याने नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहे. विद्यार्थी व्हिसावरील तरुण सहसा त्यात बसत नाही. त्याने घेतलेला आरोग्य विमा सक्तीचा असल्याने रुग्णालयाचा बराचसा खर्च निघतो, पण भिजलेला लॅपटॉप, गादी आणि पुस्तके यांना तो लागू होत नाही.

घरमालकाचा विमा इमारतीचा असतो, भाडेकरूच्या सामानाचा नव्हे. शिवाय ‘पूर’ या शब्दावरूनही वाद होतात. २०११च्या पुरानंतर छपरातून आलेले पाणी आणि नदीतून आलेले पाणी यांतील फरकावरून असंख्य दावे अडकले. त्यामुळे २०१२ मध्ये पुराची सर्व विमा कंपन्यांसाठी एकच व्याख्या ठरवण्यात आली. नदी, ओढा, तळे किंवा धरण यांनी आपली मर्यादा ओलांडल्याने आलेले पाणी म्हणजे पूर. व्याख्या एक झाली, पण प्रत्येक पॉलिसीत पुराचे संरक्षण असेलच असे नाही. जिथे धोका अधिक, तिथे हप्ता इतका मोठा असतो की अनेक जण तो भाग वगळतात.

स्वस्त भाड्याची घरे कोणत्या भागात असतात, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. ब्रिस्बेन महापालिकेच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की त्या घराचा पूरधोका विनामूल्य कळतो. नवा विद्यार्थी घर घेताना रेल्वे स्थानक, सुपरमार्केट आणि भाडे पाहतो. त्या यादीत हा चौथा मुद्दा असायला हवा. घर राहण्यायोग्य उरले नाही तर भाडेकरार संपवण्याची तरतूद क्वीन्सलँडच्या कायद्यात आहे. मात्र ती लेखी नोटिशीने वापरावी लागते.

धरणे आणि भिंती असूनही पूर का?

१९७४च्या पुरात ब्रिस्बेन नदीची पातळी ५.४५ मीटर झाली होती. त्यानंतर वायव्हेनहो धरण बांधले गेले आणि ‘आता तसा पूर येणार नाही’ अशी भावना पसरली. पूररेषेत पुन्हा घरे उभी राहिली. २०११ मध्ये ४.४६ आणि २०२२ मध्ये ३.८५ मीटर पातळीने तो समज मोडला. २०२२च्या पावसाचा मोठा वाटा धरणाच्या खालच्या बाजूला पडला होता आणि तिथले पाणी धरण अडवू शकत नाही. त्याच वेळी न्यू साउथ वेल्समधील लिस्मोर शहरात नदीने १४.४ मीटरची पातळी गाठली. आधीच्या विक्रमापेक्षा ही दोन मीटरहून अधिक होती. शहराभोवतीची संरक्षक भिंत तिच्यासमोर खुजी ठरली.

हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पडणारा पाऊस अधिक जोराचा होतो. २०२२ नंतर क्वीन्सलँडने ७४.१ कोटी डॉलरचा निधी उभारून घरे उंच करणे, पाण्याला तोंड देतील अशा साहित्याने ती दुरुस्त करणे आणि सर्वाधिक धोक्याची घरे विकत घेऊन ती जागा मोकळी सोडणे असे तीन मार्ग सुरू केले. तिसरा मार्ग सर्वात अवघड, पण सर्वात परिणामकारक. मोकळ्या सोडलेल्या जागेत पूर आला तर तिथे घर बुडत नाही आणि आलेल्या मगरीसमोर अंगणही नसते.

पूर वन्यजीवांसाठी संकटच असतो का?

पश्चिमेच्या पुराने याचे उत्तर दिले. मार्चमध्ये पशुपालकांना उद्ध्वस्त करणारे पाणी उताराने दक्षिण ऑस्ट्रेलियाकडे वाहत राहिले आणि मे महिन्यापासून काटी थंडा–लेक आयर या सरोवरात पोहोचू लागले. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली असलेले हे सरोवर एरवी मिठाचे पांढरे वाळवंट असते. ते काठोकाठ भरणे ही शतकात मोजक्या वेळा घडणारी गोष्ट.

पाणी आले की मिठाच्या थरात वर्षानुवर्षे सुप्त असलेली कोळंबीसदृश जीवांची अंडी फुटतात. त्यांच्यासाठी आपल्या शेकाट्याचा भाऊबंद असलेला ‘बँडेड स्टिल्ट’ हा पक्षी किनाऱ्यावरून हजारभर किलोमीटर उडून येतो. पाणी आल्याचे त्याला कसे कळते, याचे कोडे संशोधकांना अजून पूर्णपणे उलगडलेले नाही. पाणी वाढले, मासे आले की पेलिकनचे थवे उतरतात आणि तिथेच वीण करतात. हे पाहण्यासाठी पर्यटकांची विमाने घिरट्या घालतात. सरोवराचे मूळ मालक असलेल्या अराबाना समुदायासाठी मात्र ही जागा पवित्र आहे. तळावर चालू नये आणि सरोवर आकाशातून पाहावे, अशी त्यांची भूमिका असून आता नियमही त्याला अनुसरून आहेत.

म्हणजे पूर हा त्या भूमीच्या चक्राचाच भाग आहे. तरी सरसकट ‘निसर्गाला पूर हवाच’ असे म्हणता येत नाही. कुंपणांत अडकलेली कांगारू आणि मेंढ्या, बिळात बुडालेले वोम्बॅट, प्लॅटिपसची वाहून गेलेली पिल्ले हेही त्याच पाण्याचे बळी. पुरांमधील अंतर कमी झाले तर सावरायला वेळ उरत नाही. हे माणसांना लागू आहे तसेच प्राण्यांनाही.

आलेला व्हिडिओ खरा कसा ओळखायचा?

महामार्गावर मोटारीशेजारी पोहणाऱ्या शार्कचा फोटो २०११ पासून जगातल्या जवळपास प्रत्येक पुरात फिरतो. तो बनावट आहे. त्यातील शार्क दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात कायाकमागून जाणाऱ्या शार्कच्या गाजलेल्या छायाचित्रातून उचललेला आहे. उलट २०२२ मध्ये ‘इयन’ चक्रीवादळात फ्लोरिडातील एका परसात पोहणाऱ्या शार्कसदृश माशाचा व्हिडिओ सर्वांनी खोटा ठरवला आणि पडताळणीत तो खरा निघाला. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले व्हिडिओ त्यात मिसळत आहेत.

साधी कसोटी तीन प्रश्नांची. जागा नेमकी कोणती? तो प्राणी त्या भागात मुळात आढळतो का? आणि व्हिडिओ कुणी, कधी काढला? ब्रिस्बेनच्या नावाने आलेली मगर दुसऱ्या प्रश्नालाच अडकते. टाउन्सव्हिलची अडकत नाही.

महाराष्ट्रासाठी यात काय?

ऑगस्ट २०१९च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातील रायबाग तालुक्यात बुडालेल्या घराच्या छपरावर मगर बसलेली साऱ्या देशाने पाहिली. २०२४च्या पावसाळ्यात चिपळूणमध्ये रस्त्यावरून चालणाऱ्या मगरीचा व्हिडिओ गाजला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीच्या पुरानंतर वस्त्यांमधून दोन डझन मगरी पकडाव्या लागल्या. कृष्णाकाठी सांगली परिसरात मगर आणि माणूस यांचा संघर्ष तर जुनाच आहे. कारणेही तीच आहेत. मगरीचे संरक्षण, पूररेषेतील बांधकाम आणि वेगाने चढणारे पाणी.

फरक आहे तो माहितीच्या व्यवस्थेत. क्वीन्सलँडमध्ये मगर दिसली की सरकारी ॲपवर नोंद होते, अधिकारी पाहणी करतात आणि कोणत्या नदीत कुठे मगर दिसली, हे नागरिकांना कळते. काठापासून किमान पाच मीटर दूर राहा, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आपल्याकडे बातमी होते, वन विभाग मगर पकडतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत विषय मिटतो.

तिथे राहणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

जिवाला धोका असल्यास ००० आणि पूर-वादळात मदतीसाठी राज्य आपत्कालीन सेवेचा १३२५०० हे क्रमांक फोनमध्ये आधीच असावेत. पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रे जलरोधक पिशवीत, त्यांच्या प्रती ऑनलाइन ठेवाव्यात. घरचे घाबरू नयेत म्हणून आपल्या उपनगराचे नाव आणि जवळच्या नदीचे नाव त्यांना सांगून ठेवावे. बातमीत दुसरेच नाव असेल तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

प्राणी दिसला तर लांबूनच फोटो काढावा आणि जागेची नोंद करावी. बचावकार्य सुरू असताना ड्रोन उडवू नये. पाऊस थांबल्यावर बेडकांचे आवाज फोनवर टिपून ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या ‘फ्रॉगआयडी’ ॲपवर पाठवता येतात. कुठल्या जाती तग धरून आहेत, हे संशोधकांना त्यातून कळते. परक्या देशातला पावसाळा समजून घेण्याचा हा सुरक्षित मार्ग आहे आणि त्यासाठी पाण्यात पाऊलही टाकावे लागत नाही.